सरकारी माणूस कुणाला म्हणायचं? चीनचं उत्तर

आजच्या विषयाची सुरुवात एका शब्दापासून करू. शब्द आहे ‘मँडरिन’. चीनच्या बादशहाच्या अधिकाऱ्यांना सगळं जग मँडरिन म्हणतं. पुढे त्यांच्या भाषेलाही तेच नाव पडलं. गंमत अशी की हा शब्द चिनी नाहीच. मूळ शब्द आपला, संस्कृतमधला ‘मंत्रिन्’. तो मलय भाषेत गेला आणि ‘मेंतेरी’ झाला. पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. तिथे हा शब्द त्यांच्या कानावर पडला. त्यांच्या भाषेत हुकूम करणे या अर्थाचं ‘मांदार’ असं एक क्रियापद होतं. त्याच्या वळणावर जाऊन मेंतेरीचा ‘मांदारीं’ झाला आणि तो चिनी अधिकाऱ्याला कायमचा चिकटला.

मग चिनी लोक स्वतः काय म्हणत होते? त्यांच्याकडे एक नाही, दोन शब्द होते. एक ‘ग्वान’ आणि दुसरा ‘ली’. ग्वान म्हणजे अधिकारी, ली म्हणजे कारकून. आज आपल्याला बघायचं आहे ते हेच, की सरकारी माणूस कोण ही रेघ चीनने कुठे ओढली, ती किती वेळा पुसली आणि पुन्हा ओढली. विषय कोरडा वाटेल. पण ही रेघ जिथे पडते तिथे पगार ठरतो, पेन्शन ठरते, आणि मुख्य म्हणजे कोण कुणाला जबाबदार हे ठरतं. तेव्हा थोडा धीर धरा.

आधी ग्वान. इसवी सन २२० मध्ये वेई राज्यात छेन छून नावाच्या मंत्र्याने माणसांची नऊ दर्जांत वर्गवारी करण्याची पद्धत आणली. नऊ दर्जांची ही चौकट पुढे पदांना लागू झाली आणि थेट विसाव्या शतकापर्यंत टिकली. छिंग राजवटीत, म्हणजे १६४४ ते १९१२ या काळात, प्रत्येक दर्जाचे वरचा आणि खालचा असे दोन भाग होते. म्हणजे एकूण १८ पायऱ्या. कुणाची पायरी कोणती हे विचारावं लागत नसे. अंगरख्याच्या छातीवर चौकोनी कशिदा असायचा. मुलकी अधिकाऱ्याच्या छातीवर पक्षी, लष्करी अधिकाऱ्याच्या छातीवर जनावर. पहिल्या दर्जाच्या मुलकी अधिकाऱ्याला क्रौंच पक्षी मिळायचा. टोपीवरचा मणीसुद्धा दर्जाप्रमाणे बदलायचा. ओळखपत्र छातीवर आणि डोक्यावर घेऊनच माणूस फिरत होता म्हणा ना.

ग्वान होण्याचा राजमार्ग म्हणजे परीक्षा. सुई राजवटीत सातव्या शतकाच्या सुरुवातीला तिची पायाभरणी झाली, थांग आणि सोंग काळात ती वाढली, आणि १९०५ साली ती बंद झाली. तेराशे वर्षं. या परीक्षेवर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. पण परीक्षा पास झालेले असे होते तरी किती? छिंग काळाच्या शेवटच्या शतकात चीनची लोकसंख्या ४० कोटींच्या आसपास होती आणि दर्जा असलेले मुलकी अधिकारी साधारण २० हजार. देशात सुमारे १,३०० काउंटी होत्या. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखी गोष्ट, बऱ्याचदा त्याहून मोठी. तिथे बादशहाचा एकच मुख्य माणूस, दंडाधिकारी. त्याचा दर्जा सातवा. महसूल त्याने गोळा करायचा, खटले त्याने चालवायचे, धरणं-बंधारे त्याने बघायचे, आणि दुष्काळ पडला तर धान्यही त्यानेच वाटायचं.

बरं, हा माणूस तिथला नसायचा. स्वतःच्या प्रांतात नेमणूक मिळत नसे, असा कडक नियम होता. नातेवाइकांची सोय लावू नये म्हणून. दोन-चार वर्षांत बदली. कित्येकदा त्याला तिथली बोलीसुद्धा समजत नसे. मग कारभार कोण चालवत होतं?

कारभार चालवत होता ली. राजधानीत सहा मंत्रालयं होती, त्याच धर्तीवर काउंटीच्या कचेरीतही सहा शाखा असत. त्यांत कारकून बसत. जमिनीचे कागद त्यांच्याकडे, करवसुलीच्या याद्या त्यांच्याकडे, खटल्याचं कागदपत्र त्यांच्याकडे. साहेब येणार आणि जाणार, कारकून तिथेच. कायद्याने त्यांची मुदत पाच वर्षांची होती. पण नाव बदलून तोच माणूस पुन्हा बसायचा, नाहीतर त्याचा मुलगा किंवा पुतण्या. गू येनवू हा सतराव्या शतकातला मोठा विद्वान. त्याची तक्रारच ही होती की अधिकाऱ्यांची वतनं केव्हाच संपली, पण कारकुनांची वतनं अजून चालू आहेत.

आणि या लीचा पगार? जवळजवळ नाहीच. छिंग काळात कारकुनाला सरकारकडून नियमित वेतन मिळत नसे. तो लोकांकडून शुल्क घ्यायचा. अर्ज लिहायचे इतके, नोंद करायचे इतके, कागद पुढे सरकवायचे इतके. सोंग काळात वांग आनशी नावाच्या सुधारक मंत्र्याने १०७० च्या दशकात कारकुनांना पगार सुरू करून पाहिला होता. पगार द्या आणि मग लाच घेतली तर कडक शिक्षा करा, असा सरळ हिशेब. पण ती व्यवस्था टिकली नाही.

लीच्याही खाली कचेरीचे शिपाई-प्यादे. समन्स पोचवणारे, आरोपीला धरून आणणारे, फटके मारणारे. यांच्यातल्या बऱ्याच जणांना कायद्याने हीन समाजात टाकलं होतं. त्यांना स्वतःला परीक्षेला बसता येत नसे आणि त्यांच्या पुढच्या तीन पिढ्यांनाही नाही. बादशहाच्या नावाने लोकांच्या दारात जाणारा माणूस आणि बादशहाच्या सेवेला कायमचा अपात्र ठरलेला माणूस, दोघे एकच. हे चित्र डोक्यात ठेवा, आपण शेवटी इथेच परत येणार आहोत.

इथे आणखी एक मजेची गोष्ट सांगतो. अठराव्या शतकात योंगझेंग बादशहाने जागांचंही वर्गीकरण केलं. चार अक्षरं ठरवली. पहिलं, जागा रहदारीच्या मार्गावर आहे का. दुसरं, कामाचा बोजा फार आहे का. तिसरं, कर थकतो का. चौथं, लोक भांडखोर आहेत का. एखाद्या काउंटीला यातली जितकी अक्षरं लागू, तितकी ती जागा महत्त्वाची. चारही अक्षरं लागली तर तिथे कसलेला माणूस हवा, आणि तो निवडण्यात प्रांताच्या सुभेदाराचा शब्द चालायचा. साध्या जागा मात्र राजधानीतून भरल्या जात, त्याही चिठ्ठ्या टाकून. ही चिठ्ठ्यांची पद्धत मिंग काळात १५९४ साली सुन पियांग या मंत्र्याने आणली होती. कारण उघड आहे. वशिल्याला कंटाळून. आपल्याकडे मलईदार पोस्टिंग म्हणतात ना, त्यावर त्यांनी काढलेला हा तोडगा.

आता पुढे जाऊ. १९०५ ला परीक्षा संपली, १९१२ ला बादशाही संपली. प्रजासत्ताक आलं. सुन यात-सेन यांना परीक्षेची परंपरा मोलाची वाटत होती. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ यांच्या बरोबरीने परीक्षा घेणारी एक स्वतंत्र शाखा असावी, असा त्यांचा आग्रह होता. ती शाखा पुढे स्थापन झाली आणि आजही तैवानमध्ये काम करते. या काळात दर्जे ठरले ते नेमणूक कुणी केली यावरून. खास नेमणूक, निवडून केलेली नेमणूक, शिफारशीने केलेली नेमणूक आणि खात्याने केलेली नेमणूक, असे चार स्तर. ‘गोंगवूयुआन’, म्हणजे सार्वजनिक काम करणारा माणूस, हा शब्द याच काळात कायद्यात रुळला.

१९४९ ला कम्युनिस्ट पक्षाची सत्ता आली आणि हा शब्द मुख्य भूमीवरून मागे पडला. नवा शब्द आला ‘गान्बू’. आपण त्याला केडर म्हणतो. हाही फिरून आलेला शब्द आहे. फ्रेंचमधून जपानीत, जपानीतून चिनीत. आता गान्बू कोण? पक्षाचा सचिव गान्बू. मंत्री गान्बू. पण कारखान्याचा व्यवस्थापक, इंजिनिअर, डॉक्टर, शाळामास्तर हेही गान्बू. ग्वान आणि ली ही जुनी रेघ पुसली गेली, आणि नवी रेघ आली ती गान्बू आणि कामगार यांच्यामध्ये. ती नुसती नोकरीची रेघ नव्हती, माणसाच्या कायमच्या ओळखीची होती. तुमच्या फायलीत एकदा कामगार लिहिलं गेलं की गान्बू व्हायला फार खटपट करावी लागायची. आणि शेतकरी तर या दोघांच्याही बाहेर.

क्रांतीच्या काळात पक्षाच्या माणसांना पगार नव्हता. अन्न, कपडे, राहायची जागा संघटना द्यायची. १९५५ मध्ये रोख पगार आला आणि १९५६ च्या वेतन सुधारणेत सरकारी गान्बूंच्या ३० श्रेण्या ठरल्या. १३ वी श्रेणी आणि त्यावरचे ते ‘वरिष्ठ गान्बू’. समतेसाठी लढलेल्या पक्षाने बादशहाच्या १८ पायऱ्या मोडून ३० पायऱ्या बांधल्या, असं त्याचे टीकाकार म्हणायचे. श्रेणीवर गाडी ठरायची, घराचा आकार ठरायचा, कोणती गोपनीय कागदपत्रं वाचायला मिळतील तेही ठरायचं.

या व्यवस्थेची अडचण काय झाली? सगळेच गान्बू, त्यामुळे सगळ्यांना एकच माप. शल्यचिकित्सकाची पारख आणि पक्षसचिवाची पारख एकाच पद्धतीने. शिवाय निवृत्तीचं नक्की वय नाही. १९८० च्या ऑगस्टमध्ये डेंग शियाओपिंग यांनी एक लांब भाषण केलं. त्यात त्यांनी सत्तेचं अतिकेंद्रीकरण, तहहयात पदं, पक्ष आणि सरकार यांची गल्लत या सगळ्यावर बोट ठेवलं. दोन वर्षांनी जुन्या नेत्यांच्या निवृत्तीचे नियम आले.

आणि मग आला या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा क्षण. १९८७ चा ऑक्टोबर महिना, पक्षाचं तेरावं अधिवेशन. झाओ झियांग यांनी अहवाल मांडला. त्यात म्हटलं होतं की देशात नागरी सेवा व्यवस्था आणू, आणि सेवकांचे दोन भाग करू. एक राजकीय, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी येणारे, धोरण ठरवणारे. दुसरे व्यावसायिक, म्हणजे परीक्षेने येणारे, कायमचे, कायद्याने चालणारे. हे तुम्हाला ओळखीचं वाटेल. मंत्री बदलतो, सचिव राहतो, ही आपली ब्रिटिश वळणाची घडी. चीन त्या घडीच्या अगदी जवळ आला होता. १९८८ ला वेगळं कार्मिक मंत्रालयही निघालं.

पण १९८९ चा जून आला. तिआनआनमेन चौकातलं आंदोलन चिरडलं गेलं, झाओ पदावरून गेले, आणि त्यांच्याबरोबर ही दोन भागांची कल्पनाही गेली. कारण साधं होतं. व्यावसायिक सेवक जर कायद्याने चालणार, तर त्याच्यावर पक्षाचा हात किती? ‘गान्बूंचं व्यवस्थापन पक्ष करतो’ हे तत्त्व त्यांना सोडायचं नव्हतं.

तरीही नागरी सेवा आली. १९९३ च्या ऑगस्टमध्ये हंगामी नियम निघाले आणि १ ऑक्टोबरपासून लागू झाले. जुना गोंगवूयुआन शब्द परत आला. व्याख्या अरुंद होती, फक्त प्रशासकीय कार्यालयांतले लोक. चालक, सफाई कामगार असे कर्मचारी वगळून. पदांचे दोन भाग झाले, नेतृत्वाची आणि बिगर-नेतृत्वाची. आणि श्रेण्या १५. पहिल्या श्रेणीत कोण? पंतप्रधान. सगळ्यात खालच्या श्रेणीत साधा कारकून. म्हणजे दोन शिड्या करायच्या ठरल्या होत्या, प्रत्यक्षात झाली एकच, आणि तिच्या टोकाला देशाचा पंतप्रधान बसला. आपल्याकडे पंतप्रधान आणि लिपिक एकाच वेतनश्रेणीच्या तक्त्यात असतील अशी कल्पना करून बघा. १९९४ ला केंद्रीय कार्यालयांसाठी पहिली परीक्षा झाली.

त्यानंतर २००५ च्या एप्रिलमध्ये नागरी सेवक कायदा संमत झाला. तो १ जानेवारी २००६ ला लागू झाला. त्यातली व्याख्या नीट बघू. नागरी सेवक होण्यासाठी तीन अटी. एक, तो कायद्याप्रमाणे सार्वजनिक काम करत असला पाहिजे. दोन, तो राज्याच्या प्रशासकीय ‘ब्येनझी’त असला पाहिजे. तीन, त्याचा पगार आणि भत्ते सरकारी तिजोरीतून मिळाले पाहिजेत. तिन्ही हव्यात, दोन चालणार नाहीत. ब्येनझी म्हणजे काय? महाराष्ट्रातल्या कुठल्याही कार्यालयात ‘आकृतिबंध’ हा शब्द चालतो, मंजूर पदांचा आराखडा. ब्येनझी म्हणजे साधारण तेच.

आता ही तीन मापं माणसांना लावून बघू. महापौर? सेवक. न्यायाधीश? सेवक, त्याच्यासाठी वेगळा कायदाही आहे. कम्युनिस्ट पक्षाच्या जिल्हा कार्यालयातला अधिकारी? तोही सेवक. चीनमध्ये कम्युनिस्ट पक्षाखेरीज आठ छोटे मान्यताप्राप्त पक्ष आहेत, त्यांच्या कार्यालयातले अधिकारीसुद्धा सेवक. आणि सरकारी शाळेतली शिक्षिका? नाही. सरकारी रुग्णालयातला डॉक्टर? नाही. त्यांचा पगार सरकारी पैशातून येत असेल, पण त्यांची ब्येनझी वेगळी, सार्वजनिक सेवा संस्थांची. कार्यालयाचा चालक? नाही.

भारतीय माणसाला हे उलटं वाटतं. आपल्याकडे जिल्हा परिषदेची शिक्षिका सरकारी माणूस, आणि पक्ष कार्यालयातला माणूस खासगी. चीनमध्ये पक्षाचा माणूस आत आणि शिक्षिका बाहेर. आकड्यांत बघा. २०१५ च्या अखेरीस अधिकृत नागरी सेवक होते ७१ लाख ६७ हजार. सार्वजनिक सेवा संस्थांत मात्र सुमारे ३ कोटी लोक. चीनची नोकरशाही केवढी, या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कोणती रेघ धरता यावर अवलंबून आहे.

वर्गीकरणाचंही तसंच. २००५ च्या कायद्याने तीन प्रकार केले. सर्वसाधारण व्यवस्थापन, तांत्रिक-व्यावसायिक, आणि प्रशासकीय अंमलबजावणी, म्हणजे तपासणी, दंड वगैरे करणारे. पण शेवटच्या दोघांचे सविस्तर नियम यायला २०१६ साल उजाडलं. नेतृत्वाची पदं दहा पातळ्यांची, राष्ट्रीय प्रमुखापासून गाव-विभागाच्या उपप्रमुखापर्यंत. वेतनश्रेण्या १५ वरून २७ झाल्या.

तरी एक दुखणं राहिलं. बहुतेक सेवक काउंटीत आणि त्याखाली काम करतात, आणि तिथे शिडी फार आखूड. वर पदंच नाहीत. प्रामाणिकपणे तीस वर्षं खपलेला माणूस जिथे लागला तिथूनच निवृत्त व्हायचा. म्हणून २०१५ पासून काउंटी पातळीवर, आणि २०१८ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्त होऊन १ जून २०१९ ला लागू झालेल्या कायद्याने देशभर, पद आणि दर्जा वेगळे केले. खुर्ची मिळाली नाही तरी १२ दर्जांच्या वेगळ्या शिडीवर चढता येतं, पगार वाढतो. आपल्याकडच्या कालबद्ध पदोन्नतीची आठवण यावी असा उपाय.

याच दुरुस्तीत व्याख्येला एक वाक्य जोडलं गेलं, की नागरी सेवक हा गान्बू वर्गाचा महत्त्वाचा भाग आहे. आणि २०१८ मध्येच नागरी सेवेचा कारभार बघणारं सरकारी कार्यालय पक्षाच्या संघटन विभागात विलीन झालं. १९८७ ला जी रेघ ओढायची होती, ती आता कागदावरूनही पुसली गेली. पक्षाची बाजू अशी की एकाच हातात सूत्रं असली की कामं वेगाने होतात. ते काही अंशी खरंही आहे. पण वरच्याने चुकीचा हुकूम दिला तर खालच्याने कोणाच्या आधाराने नाही म्हणायचं? आपल्या अधिकाऱ्यालाही ते सोपं नसतं, हे मान्य. पण त्याच्या पाठीशी निदान घटनेचं ३११ वं कलम आणि बाहेरचं न्यायालय आहे.

आता सुरुवातीच्या चित्राकडे. २०२४ च्या केंद्रीय परीक्षेत जागा होत्या ३९,६०० आणि पात्र अर्जदार ३० लाखांहून जास्त. चीनमध्ये सरकारी नोकरीला ‘लोखंडी वाडगा’ म्हणतात, न फुटणारा. तो वाडगा ब्येनझीच्या आत आहे. बाहेर काय आहे? साहाय्यक पोलीस, रस्त्यावर फेरीवाल्यांना हटवणारे मदतनीस, कार्यालयातले कंत्राटी लिपिक. ते काम सरकारचं करतात, पण तीन अटींच्या व्याख्येत बसत नाहीत. पगार कमी, भविष्य अनिश्चित. आणि सामान्य माणसाची गाठ पहिल्यांदा पडते ती बहुधा यांच्याशीच.

ग्वान मोजला जातो, ली मोजला जात नाही. नावं बदलली, कायदे बदलले, ही गोष्ट फारशी बदलली नाही. म्हणून कुठल्याही देशाच्या कारभाराचा अभ्यास करताना, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगतो. किती अधिकारी आहेत हे जरूर पाठ करा. पण खिडकीपलीकडे बसलेला माणूस त्या यादीत आहे का, हेही एकदा विचारा. आपल्या कार्यालयांतही आता कंत्राटी खुर्च्या कमी नाहीत.